घोडा पारखून घेतला, पण लगाम मापाचा आहे का? खरेदीआधी घोड्याचं तोंड असं बघा

सारंगखेडा (ता. शहादा) : दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठच्या घोडेबाजारात एक दृश्य जागोजागी दिसतं. घोडा मान वर ताणून, तोंड उघडं टाकून, डोळ्यांतलं पांढरं दाखवत जागच्या जागी नाचत असतो. भोवती मोबाईल वर झालेले असतात आणि गर्दीतून कुणीतरी म्हणतं, "काय पाणी आहे जनावरात!" काही घोड्यांत ते पाणी खरंच असतं. पण तोंड उघडं ठेवून मान आभाळाकडे नेणारा घोडा बहुतेक वेळा रग दाखवत नसतो, तोंडातल्या लोखंडापासून लांब पळायला बघत असतो. ते लोखंड त्याच्या तोंडाला बसतं की बोचतं, हा प्रश्न सौद्याच्या वेळी सहसा कुणी विचारत नाही.

खरेदीला आलेला माणूस अंगावरचे भोवरे अर्धा तास बघतो. कानाची टोकं जुळतात का, उंची किती इंच भरते, चाल कशी आहे, हे सगळं बघतो. ओठ वर करून पुढचे दात मोजतो, अदंत आहे की दोन दात हे ठरवतो. तोंड तिथपर्यंतच उघडलं जातं. त्याच्या चार बोटं मागे, जिथे लगामाचं लोखंड बसतं, तिथे कुणी बघत नाही. मग घोडा घरी येतो, पंधरा दिवसांत ओढायला लागतो, मुंडी झटकतो, आणि मालक म्हणतो, "घोडा तोंडाचा कडक निघाला." पुढची पायरी ठरलेली असते. बाजारातून जास्त जाड, जास्त टोकदार लगाम आणला जातो. चोर सोडून संन्याशाला सुळी, तशातला हा प्रकार.

लोखंड नेमकं कुठे बसतं

आपल्याकडे सगळ्या साजाला मिळून 'लगाम' म्हणतात. पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. डोक्यावरचा पट्ट्यांचा साज, तोंडातलं लोखंड (सैन्यात, रायडिंग क्लबमध्ये आणि आता बाजारातही त्याला बिट म्हणतात) आणि स्वाराच्या हातातल्या दोऱ्या. तिन्हींचं माप वेगळं घ्यावं लागतं. एक चुकलं की बाकीची दोन बरोबर असूनही उपयोग होत नाही.

घोड्याच्या पुढच्या दातांमागे आणि दाढांच्या पुढे दोन्ही बाजूंना मोकळी जागा असते. तिथे दात नसतात, फक्त हिरडी असते. बिट तिथे जिभेवर आणि खालच्या जबड्यावर टेकतं. बोटाने चाचपून बघितलं तर कळतं की या हिरडीखाली मांसाची गादी नाहीच. पातळ कातडी आणि तिच्याखाली लगेच हाड, तेही धारेसारखं. माणसाच्या नडगीवर काठी बसली तर जसं होतं, साधारण तसं. जिथे सतत मार बसतो तिथे हाडाला सूज येऊन गाठी धरतात, आणि मग घोडा त्या बाजूला वळायचंच टाळतो.

नर घोड्याला साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी या मोकळ्या जागेत सुळे येतात. घोडीला ते सहसा नसतात, असले तर अगदी बारीक. बिट खाली लोंबत असेल तर ते सुळ्यावर टकटक आपटतं. शिवाय वरच्या जबड्यात पहिल्या दाढेच्या अगदी पुढे काही घोड्यांना एक लहानसा जादा दात असतो. इंग्रजीत त्याला लांडग्याचा दात म्हणतात. शिंगरू वर्षाचं होईपर्यंत तो दिसायला लागतो. दिसायला हरभऱ्याएवढा, पण बिट त्यावर घासलं की शहाणा घोडाही वेडा होतो. पशुवैद्यक तो काढू शकतात.

दाढांचा प्रश्न वेगळा. घोड्याच्या दाढा आयुष्यभर थोड्या थोड्या वर येत राहतात आणि चावून झिजत राहतात. झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांना बाहेरून, गालाच्या बाजूला, आणि खालच्या दाढांना आतून, जिभेच्या बाजूला धार येते. अशा घोड्याला नाकपट्टी घट्ट आवळली की गाल आतून त्या धारेवर दाबला जातो आणि कापतो. बाहेरून काही दिसत नाही. घोडा चारा खाताना अर्धवट चावलेले गोळे खाली टाकत असेल, तर लगाम बदलण्याआधी दाढा तपासून घ्याव्यात. वर्षातून एकदा दाढा घासून घेणं हा खर्च नवीन लगामापेक्षा जास्त कामाचा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात घोड्याचा अनुभव असलेले डॉक्टर कोण आहेत याची चौकशी करावी. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरही पशुवैद्यकीय मदत मिळते.

माप दोरीने घ्या, अंदाजाने नाही

बिटाचं माप इंचात सांगतात. ते म्हणजे तोंडात जाणाऱ्या भागाची लांबी, बाहेरच्या कड्या सोडून. माप घेणं अवघड नाही. गुळगुळीत लाकडी काडी किंवा जाड सुती दोरी, ज्या जागी बिट बसतं तिथून तोंडातून आडवी न्यायची, दोन्ही ओठांच्या कोपऱ्यांशी खूण करायची आणि बाहेर काढून पट्टीवर मोजायची. कडी फिरणारी असेल तर दोन्ही बाजूंना साधारण अर्धा सेंटिमीटर जास्त धरायचं, म्हणजे ओठाचं कातडं कडीच्या भोकात चिमटत नाही. कडी घट्ट बसवलेली असेल तर याहून थोडं कमी चालतं.

आपल्याकडच्या मारवाडी, काठियावाडी आणि पंजाबकडच्या घोड्यांना साधारण पावणेपाच ते सव्वापाच इंचांचं बिट लागतं. पण हा अंदाज झाला, माप नव्हे. चौसष्ट इंची उंच घोड्याचं तोंडही अरुंद असू शकतं. मारवाडी घोड्याचा चेहरा लांबट आणि निमुळता, त्यामुळे उंचीवरून बिट घेणारा हमखास फसतो. आणि पुणे-सोलापूर भागातल्या धनगरांच्या कळपाबरोबर चालणाऱ्या भीमथडी तट्टाला मोठ्या घोड्याचं बिट घातलं, तर ते तोंडात एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत राहतं. मधे जोड असलेलं बिट मोठं झालं तर आणखी वाईट. जोड मधोमध राहत नाही आणि ओढल्यावर कोन करून टाळूकडे जातो.

जाडीबद्दल एक जुना समज आहे की जाड लोखंड म्हणजे मऊ लगाम. अर्धं खरं आहे. बारीक तार कापते, हे बरोबर. तारेला पीळ देऊन केलेली बिटं तर घेऊच नयेत. पण घोड्याच्या तोंडात जागा फार नसते. जीभ तोंड भरूनच असते. छोट्या तोंडाच्या घोड्याला बोटापेक्षा जाड बिट घातलं तर त्याला तोंड मिटता येत नाही, गिळता येत नाही. चौदा ते सोळा मिलिमीटर जाडी बहुतेक घोड्यांना चालते. तोंड मिटलेलं असताना ओठांमधून बोट आत घालून वरखाली जागा किती आहे हे चाचपलं की अंदाज येतो.

धातू स्टेनलेस स्टीलचा असावा. निकेलचा मुलामा दिलेलं स्वस्तातलं बिट सहा महिन्यांत सोलवटतं आणि त्या पापुद्र्याची धार ब्लेडसारखी लागते. साधं लोखंड गंजतं. तांब्याचा भाग असलेल्या बिटाने तोंडाला लाळ सुटते, तोंड ओलं राहतं, म्हणून काही जण ते पसंत करतात. रबर लावलेलं बिट शिंगराला बरं वाटतं, पण घोडा ते चावतो. फाटलं की आतलं लोखंड उघडं पडतं, तेव्हा दर आठवड्याला बघायला हवं.

साधं, दांडीचं आणि काटेरी

बिटाचे नमुने शेकड्याने आहेत. गावाकडच्या कामाला त्यातले तीनच प्रकार समजून घेतले तरी पुष्कळ.

पहिलं साधं कडीचं, ज्याला स्नॅफल म्हणतात. हातात जेवढी ओढ, तेवढीच तोंडात. मधे एक जोड असतो, किंवा दोन जोड आणि मधे छोटी चकती. एक जोड असलेलं ओढल्यावर अडकित्त्यासारखं मिटतं. दोन जोडांचं जिभेवर सपाट बसतं. नव्या घोड्याला, नव्या स्वाराला आणि रोजच्या फेरफटक्याला हेच घ्यावं.

दुसरं दांडीचं. यात बिटाच्या दोन्ही टोकांना खाली दांड्या असतात, दोऱ्या त्या दांडीच्या टोकाला लागतात आणि हनुवटीखालून साखळी जाते. हा सरळ तरफेचा हिशेब आहे. बिटाच्या वरची दांडी दोन इंच आणि खालची चार इंच असेल, तर हातात एक किलोची ओढ तोंडात सुमारे तीन किलोची होऊन पोहोचते आणि साखळीवर दोन किलो येतात. म्हणून जाणता स्वार दांडीच्या लगामात बोटं नुसती मिटतो. खांद्यापासून ओढत नाही. वरातीच्या घोड्यांना नाचवताना हेच बिट घालून दोरी झटके देत ओढली जाते, तेव्हा तोंडात काय होत असेल याचा हिशेब वरच्या आकड्यांवरून कुणीही करावा. साखळी वापरायचीच असेल तर ती पिळा न पडता सपाट बसली पाहिजे, आणि दांडी साधारण पंचेचाळीस अंश मागे आल्यावरच तिने धरायला सुरुवात केली पाहिजे. आधीच ताठ बसलेली साखळी म्हणजे घोड्याला थांबूनही सुटका नाही.

तिसरं काटेरी. काठियावाड-मारवाडकडून आलेले जुने काटेरी लगाम यात्रेतल्या साजाच्या दुकानांत अजून टांगलेले दिसतात. पितळी, घडणीला देखणे, आणि तोंडात जाणाऱ्या भागावर खिळ्यासारखी टोकं. "पूर्वी राजेलोक वापरायचे" असं विक्रेता सांगतो. त्याचं खरंही असेल. पण कायदा स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली १९६५ साली ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. त्यातल्या आठव्या नियमानुसार जनावर हाकायला, त्यावर बसायला किंवा त्याला ताब्यात ठेवायला काटेरी बिट, टोकं-गाठी असलेला साज किंवा जखम करणारं कुठलंही साधन वापरायला मनाई आहे. भिंतीवर टांगायला तो लगाम शोभेल, तोंडात घालायला नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार सांगतो की काटेरी लगाम परवडत नाही. काटा पहिल्या महिन्यात घोडा थांबवतो. मग हिरडीला आणि जिभेला जखमा होतात, त्या भरतात, पुन्हा होतात. तिथली जाणीव हळूहळू कमी होते आणि घोडा काट्यालाही दाद देत नाही. तोंड गेलेला घोडा पुढच्या यात्रेत विकायला आणला की जाणकार गिऱ्हाईक ओठांचे कोपरे बघतं, तिथले पांढरे वण मोजतं आणि भाव पाडतं. पांढरा डाग कोपऱ्यात, जिभेच्या कडेवर खाच आणि हिरडीवर गाठ, हे तिन्ही दिसले तर घोडा कितीही देखणा असो, दुरुस्तीला वर्ष घालवायची तयारी असेल तरच विसार द्यावा.

पट्टे : बोटांचा हिशेब

बिट मापाचं मिळालं तरी ते तोंडात किती उंच बसतं हे गालपट्टीवर ठरतं. बिट घालून बकल लावल्यावर ओठांच्या कोपऱ्याला एक, फार तर दोन सुरकुत्या पडाव्यात. सुरकुती नसेल तर बिट खाली, घोडा त्यावरून जीभ काढतो आणि दातांत धरतो. तीन-चार सुरकुत्या म्हणजे घोडा कायमचा हसतोय असं दिसतं आणि कोपरे फाटतात. पण सुरकुती हा एकटा पुरावा नव्हे. मांसल ओठांच्या घोड्याला सुरकुत्या लवकर पडतात, पातळ ओठांच्या घोड्याला उशिरा. म्हणून ओठ उचलून, बिट सुळ्याला आणि दाढेला दोन्हींना लागत नाही ना, हे डोळ्यांनी बघावं. दोन्ही गालपट्ट्या सारख्याच भोकात हव्यात. चामडं ताणतं, एक बाजू लांब होते आणि घोडा तोंड वाकडं करतो. दोष घोड्याचा नसतो. बकल डोळ्याच्या कडेला लागणार नाही असं बघावं.

कानामागून जाणारी डोकेपट्टी आणि कपाळपट्टी यांचं भांडण आपल्या देशी घोड्यांत फार होतं. मारवाडी आणि काठियावाडी घोड्याचे कान आत वळलेले, टोकं एकमेकांना टेकणारी. तीच त्यांची शान. कपाळपट्टी तोकडी असली की ती डोकेपट्टीला पुढे ओढते आणि पट्टा कानाच्या मुळाशी रुततो. घोडा कान मागे टाकतो, मुंडी झटकतो, पुढच्या वेळी कानाला हात लावू देत नाही. काठियावाडी घोड्याचं कपाळ रुंद असतं, तिथे तर रेडिमेड लगामाची कपाळपट्टी हमखास कमी पडते. पट्टीखालून एक बोट सहज फिरलं पाहिजे, आणि कानाच्या मुळाशी चामडं टेकता कामा नये. जास्त लांबही नको, लोंबून डोळ्यावर येते.

घशाखालून जाणारी पट्टी लगाम डोक्यावरून निसटू नये एवढ्यासाठीच असते. तिच्यात आणि जबड्यात मूठ उभी राहील एवढी जागा ठेवावी. उभ्या घोड्याला ती सैल वाटते, पण घोड्याने मान वाकवली की जबडा मागे येतो आणि तीच पट्टी श्वासनलिकेवर दाबते. सजवलेल्या घोड्याची मान वाकवून फोटो काढताना हाच पट्टा सगळ्यात जास्त त्रास देतो.

नाकपट्टी गालाच्या उभ्या हाडाच्या टोकापासून दोन बोटं खाली बसवावी. त्याहून खूप खाली गेली तर हाड संपतं आणि मऊ कुर्चा लागते. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्याचा सगळा श्वास नाकातून. तेव्हा नाकावर खाली बसलेला घट्ट पट्टा म्हणजे धावणाऱ्याचं नाक धरण्यासारखं. नाकाच्या वरच्या हाडावर, पट्ट्याखालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. गालाजवळ मऊ भागात घालून बघितलेली बोटं धरायची नाहीत, तिथे ती नेहमीच जातात. तोंड उघडतो म्हणून नाकपट्टी आवळणं ही चाल जगभर इतकी बोकाळली की आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने २०२५ मध्ये स्पर्धांसाठी मोजण्याचं ठरावीक साधनच आणलं. नाकाच्या हाडावर पट्ट्याखालून ते गेलं नाही तर घोडा मैदानात उतरत नाही. आपल्या बाजारात असं साधन नाही, पण बोटं सगळ्यांकडे आहेत.

जेरबंदाचं मात्र जरा जपून. पोटाच्या तंगापासून पुढच्या पायांमधून येऊन नाकपट्टीला लागणारा हा पट्टा, घोड्याने मान झटकून स्वाराच्या तोंडावर मारू नये म्हणून असतो. मान कायमची खाली बांधून ठेवायला नाही. घोडा सहज उभा असताना जेरबंद खालून उचलून बघावा, तो घशापर्यंत पोहोचला तर लांबी बरोबर. तो बिटाच्या कडीला कधीच बांधू नये. ठेच लागली तर घोडा तोल सावरायला मान वर करतो. ती वर गेली नाही तर घोडा आणि स्वार दोघंही खाली.

मैदानात दाखवायचा घोडा

देशी घोड्यांच्या स्पर्धा दातांवरून गट पाडून घेतात. अदंत शिंगरं, दोन दात, मग मोठे घोडे-घोड्या. पहिले दोन दुधाचे दात साधारण अडीच वर्षांना पडतात, पुढची जोडी साडेतीनला, शेवटची साडेचारला. त्याच काळात पुढच्या दाढांच्या दुधाच्या टोप्याही सुटत असतात. म्हणजे ज्या वयात शिंगरू सगळ्यात जास्त मैदानात आणलं जातं, त्याच वयात त्याचं तोंड सगळ्यात जास्त दुखरं असतं. अदंत शिंगराला दांडीचं बिट घालून, साखळी तोंडातून फिरवून उभं करणं हा शौक नव्हे. नीट बसणारी चामड्याची म्होरकी आणि हनुवटीखाली कडीला लावलेली वागदोर एवढ्यावर शिंगरू चालायला, थांबायला आणि चौकोनात उभं राहायला शिकतं. त्याला दोन महिने आधीपासून रोज दहा मिनिटं द्यावी लागतात. यात्रेच्या आदल्या आठवड्यात सुरुवात केली तर साखळीच लागणार.

परीक्षक चेहऱ्याची ठेवण, डोळा, कान आणि चाल बघतात. जाड पट्ट्यांनी अर्धा चेहरा झाकला तर ते बघणार काय? निमुळत्या, रेखीव चेहऱ्याला अर्ध्या इंचाचे बारीक पट्टे शोभतात. मोठ्या, जड डोक्याला थोडे रुंद. नाकपट्टी जरा वर-खाली केली की लांब चेहरा आखूड दिसतो हे जुने मोतद्दार जाणतात, पण वर सांगितलेली हाडाची हद्द ओलांडून नव्हे. गोंडे, मणी, चांदीचे चंद्र, कपाळावरची कलगी हे सगळं यात्रेचं वैभव आहे, त्याला कुणाची हरकत नसावी. फक्त वजन कपाळपट्टीवर टांगलं की ती खाली ओढते आणि डोकेपट्टी पुन्हा कानात रुतते. सगळी सजावट वेगळ्या पट्ट्यावर घ्यावी आणि मैदानात जाण्याआधी दोन-तीन दिवस घोड्याला ती घालून फिरवावा. पहिल्यांदाच डोळ्यासमोर गोंडा हलला तर भला घोडा उधळतो.

नुकऱ्याचं वेगळं आहे. पांढरे केस आणि खाली गुलाबी कातडी, त्यामुळे पट्टा घासला की लगेच लाल होतं. काळ्या रंगाचं स्वस्त चामडं घामाने रंग सोडतं आणि पांढऱ्या गालावर काळे ओघळ उतरतात. ओल्या पांढऱ्या फडक्याने पट्टा घासून बघावा. फडक्याला रंग लागला तर तो पट्टा नुकऱ्यासाठी नाही.

घालताना आणि काढताना

मार्गशीर्षात खानदेशची सकाळ चांगलीच गार असते. रात्रभर उघड्यावर राहिलेलं बिट बर्फासारखं असतं. घालण्याआधी ते हातात चोळून किंवा कोमट पाण्यात बुडवून घ्यावं. एप्रिल-मेमध्ये उलट. उन्हात जीपच्या टपावर राहिलेलं लोखंड तोंडात घालण्याआधी आपल्या मनगटाला लावून बघावं. बिट दातांवर आपटून तोंड उघडायचं नसतं. ओठाच्या कोपऱ्यातून, दात नसलेल्या जागी अंगठा घातला की घोडा आपोआप तोंड उघडतो. काढताना आधी नाकपट्टी आणि साखळी सोडायची, मग डोकेपट्टी कानांवरून हळू पुढे, आणि घोडा स्वतः बिट तोंडातून टाकेपर्यंत थांबायचं. हिसका दिला की दातांना लागतं आणि दुसऱ्या दिवशी घोडा लगाम बघून मान वर करतो.

लगामाने घोडा बांधणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय. चहाच्या टपरीपुढे, विजेच्या खांबाला, ट्रॅक्टरच्या चाकाला लगामाच्या दोऱ्या गुंडाळून मालक आत जातो. मागून ट्रकचा हॉर्न वाजतो, घोडा मागे उसळतो आणि सगळं वजन बिटावर, म्हणजे जिभेवर आणि जबड्यावर येतं. जीभ चिरते, जबडाही मोडू शकतो. बांधायला म्होरकी आणि सुटी गाठ. लगामाखाली म्होरकी घातलेली असली की प्रश्नच येत नाही, मात्र मग नाकपट्टीची बोटं पुन्हा मोजावीत.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या डोंगरात ओझ्याचं तट्टू हाकायला लोखंड लागतंच असं नाही. ते रस्ता माणसापेक्षा चांगलं जाणतं. अशा जनावराला, तसंच थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्याला बिटाशिवायचा लगाम जास्त बरा. नवखा माणूस तोल सांभाळायला दोऱ्यांनाच लोंबकळतो आणि तो सगळा हिसका तोंडात जातो. दोऱ्या नाकपट्टीच्या कड्यांना लावल्या की तोंड वाचतं. नवख्याला धरायला मानेभोवती एक सैल पट्टा द्यावा. खालच्या जबड्याला नायलॉनच्या दोरीचा वेढा देणं मात्र बिटापेक्षाही वाईट, दोरी कापते आणि आवळते.

चामड्याचा लगाम घेताना वास आणि वाक बघावा. चांगलं चामडं दुमडल्यावर बारीक सुरकुती पडते आणि सोडल्यावर जाते, हलकं चामडं तडकतं. कानपूरच्या घोडेसाजाला भौगोलिक मानांकन आहे आणि तिथला माल परदेशी जातो, पण 'कानपुरी' सांगून विकलेलं सगळंच तिथलं नसतं. तेव्हा शिवण ओढून बघावी. पट्टा जिथे कडीला वळतो आणि जिथे बकलाचं भोक आहे, त्याच दोन जागी लगाम तुटतो. तिथली शिवण उसवायला लागली की रस्त्यावर जाण्याआधी गावातल्या चर्मकाराकडून मेणाच्या दोऱ्याने दुहेरी टाके घालून घ्यावेत. रिबिट मारून भागवू नये, आतून तिचं टोक गालाला लागतं.

रोज बिट पाण्याने धुवावं, वाळलेली लाळ आणि चारा त्यावर घट्ट होतो आणि सॅंडपेपरसारखा घासतो. पट्ट्यांचा घाम ओल्या फडक्याने पुसायचा आणि सावलीत वाळवायचे, उन्हात किंवा चुलीजवळ नाही. तेल महिन्यातून एकदा, अगदी थोडं. तेलात भिजवलेला पट्टा ताणून लांब होतो आणि गालपट्ट्यांचं माप बिघडतं. पावसाळ्यात लगाम गोणपाटात गुंडाळून पेटीत ठेवला तर पोळ्यापर्यंत त्यावर हिरवी बुरशी चढते. वारा लागेल अशा भिंतीवर, खिळ्याऐवजी नारळाच्या करवंटीवर किंवा गोल लाकडावर टांगला तर डोकेपट्टीला घडी पडत नाही. यात्रेआधी तो खाली उतरवला की सगळी बकलं उघडून प्रत्येक भोक बोटाने चाचपावं आणि घोड्याला पुन्हा मापून घालावा. गेल्या वर्षीच्या दोन दाताच्या घोड्याचं डोकं यंदा तेवढंच राहिलेलं नसतं.